चौथा मासा

ज्योत्स्ना चौधरीने पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला, तेव्हा कौतिकभाऊंना वाटलं, आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, उद्यावर आली आहे, डब्यात गोड सांजोऱ्याच असणार. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

झाकण निघालं. आत बर्फाच्या चुऱ्यात एक मासा होता. त्याचं पोट जागेवर नव्हतं.

कौतिकभाऊंनी खुर्ची होती तिथे परत नेली.

"हा आमच्या शेततळ्यातला," ज्योत्स्ना म्हणाली. "माझा नवरा दीड महिना बेपत्ता आहे. आणि तळ्यात काय आहे ते मला कळत नाही. मला फार भीती वाटते हो, ताई."

भीती सांगायची गरजच नव्हती. भर उन्हातून आलेली ही तरुण बाई भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसली होती.

मोहिनी फिरकेने पाण्याचा ग्लास पुढे केला. जळगावात खाजगी चौकशीचं ऑफिस चालवणारी ही बाई बोलायला कमी आणि ऐकायला पक्की. तिचे मदतनीस कौतिकभाऊ पूर्वी पोलिसात हवालदार होते. माणूस इमानी, पण त्यांच्या डोक्यात दिवा लागेपर्यंत बाहेर उजाडलेलं असायचं.

"सुरुवातीपासून सांग," मोहिनी म्हणाली.

ज्योत्स्नाचं माहेर धुळ्याचं, शिक्षण मत्स्यशास्त्राचं. सासर फैजपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, चिंचोटी गावात. केळीच्या बागा, माळकरी घर. सासरे रतिलालनाना कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य करणारे. अशा घरात तिच्या नवऱ्याने, नवीनने, बायकोकडून शिकून शेततळ्यात मासे सोडले.

"घरात शिजवायचे नव्हते, नुसते पोसायचे होते. तरी फार बोलणं झालं. धुळवडीला मी माहेरी होते. परत आले तर नवीन नाही. धाकटे दीर हितेंद्र म्हणाले, दादाला पहाटे फैजपूरच्या स्टँडवर सोडलं, तो सुरतला गेला. सासूबाईंनी हो म्हणून मान हलवली. नाना त्या दिवशी पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेलेले. फोन तेव्हापासून बंद. पोलीस म्हणतात, भांडण झालं असेल, येईल."

"भांडण झालं होतं?"

"आमचं नाही. मी निघाले तेव्हा ते कैरीची फोड तिखटमीठ लावून खात बसले होते. त्यांना गोड आवडत नाही. आखाजीला सगळे सांजोऱ्या खातात, हे कैरी मागतात."

"आणि तळं?"

"मासे काढायची वेळ झाली म्हणून मी जाळंवाल्या वनाभाऊंना बोलावलं. तेव्हापासून पाण्यात काहीतरी वर येतं. काळं डोकं. सुस्कारा टाकतं आणि बुडतं. गावात बोभाटा झाला की आसरा कोपल्या. पाण्यातल्या देवताच त्या. माळकऱ्याच्या घरात मासे पाळले म्हणून नवीनला त्यांनी नेलं, आता सुनेला नेतील म्हणतात. तळ्याकडे आता दिवसाही कोणी फिरकत नाही."

"तू आसरा मानतेस?"

"मी दोराला घाबरते, ताई. तळ्याला प्लास्टिकचा कागद आहे. तो ओला झाला की त्यावर मांजरसुद्धा चढत नाही. पडलेल्या माणसाला वर यायला काठावर दोर बांधलेला असतो. आमचा दोर गेला. मी नवा बांधला. तोही गेला."

"दोर काही आसरा नेत नाहीत," मोहिनी म्हणाली. "पण दीड महिना थांबलीस आणि आज धावत आलीस. उद्या काय आहे?"

"आखाजी. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याच्या घागरी भरतात. आमच्या घरी घागरीत स्वतःच्या शेताचंच पाणी लागतं. विहीर आटल्यापासून ते तळ्यातून आणतात. घरच्या सुनेने आणायचं. उजाडताना, कोणाशी न बोलता, एकटीने."

कौतिकभाऊंनी उठून गाडीची किल्ली घेतली. या वेळी त्यांचा दिवा वेळेवर लागला होता.

*

वाटेत मोहिनी म्हणाली, "मला मासा शिकव."

"मासा तो मासा," कौतिकभाऊ स्टिअरिंगवरून म्हणाले. "त्यात शिकायचं काय?"

"भाऊ, गाय आणि वटवाघूळ दोघंही दूध पाजतात, म्हणून ती एक होत नाहीत," ज्योत्स्ना म्हणाली. शिकवायला लागल्यावर तिचा आवाज जरा सावरला. "शार्क आणि पाकट सोडा, त्यांच्या अंगात हाडाऐवजी कूर्चा. उरलेले जवळजवळ सगळे हाडांचे मासे. तीस हजारांहून जास्त जाती. डोंगरातल्या झऱ्यापासून समुद्राच्या तळापर्यंत सगळीकडे. पण आपल्या तळ्यापुरते तीन प्रश्न पुरतात. तोंड कुठे वळलंय? अंगावर खवले आहेत का? श्वास कुठून घेतो?"

"तुमच्या तळ्यात कोण आहेत?"

"तिघं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या. मृगळचं तोंड खाली, तो तळाचं खातो. म्हणून तिघं एका तळ्यात भांडत नाहीत. तिघांनाही खवले आहेत. तिघंही पाण्यातलाच श्वास घेतात. वर येऊन सुस्कारा टाकणारा त्यांच्यात कोणी नाही."

"आणि या कटल्याचं पोट?"

"खालून ओरबाडलंय. बारीक कानशीने घासल्यासारखं. पक्षी वरून टोच मारतो, कुत्रा हाडासकट तोडतो. हे पाण्यातल्याच कुणाचं तरी काम आहे."

"म्हणजे तळ्यात चौथा आहे."

"पण येणार कुठून? नदी नाही, नाला नाही. पाऊस असता तर म्हटलं असतं, चिखलातून सरपटत आला. या उन्हात जमिनीवर पाय ठेववत नाही."

मोहिनीने फैजपूरला गाडी थांबवली आणि कौतिकभाऊंना कोंबडीच्या दुकानातून आतड्यांची पिशवी आणायला पाठवलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कोंबडीच्या दुकानातून नाक दाबून पिशवी आणली.

*

चिंचोटीत सगळीकडे सणाचं वातावरण होतं. माहेरवाशिणी आल्या होत्या, निंबाला झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. चौधरींच्या घरापाशी आल्यावर मात्र पोरी गाणं थांबवून पलीकडच्या बाजूने जात. ज्योत्स्नाला पाहून एकीने पदर नाकाला लावला. ज्योत्स्ना खाली मान घालून चालत राहिली.

अंगणात दोन मोटरसायकली उभ्या होत्या, एकीवर ताडपत्री. शेजारी केळी वाहायची पिकअप. तिच्यात निळं प्लास्टिकचं पिंप आडवं पडलं होतं. कौतिकभाऊ तिच्या सावलीला टेकले आणि लगेच बाजूला झाले.

"केळीच्या गाडीला हा वास कसला?"

"खताचा," मागून उत्तर आलं. उत्तर देणारा तिशी उलटलेला, उंच, पडलेल्या चेहऱ्याचा माणूस होता. उजव्या तळव्याला हळदीची पट्टी, आणि हात मनगटापर्यंत सुजलेला. हा हितेंद्र, धाकटा दीर.

"या माझ्या कॉलेजच्या मॅडम," ज्योत्स्नाने आधी ठरवलेलं वाक्य म्हटलं. "मासे बघायला आल्यात."

"बघा. तेवढंच राहिलंय," हितेंद्र म्हणाला. "या माशांपायी माझी सोयरीक मोडली, मॅडम. होळीच्या आधी साखरपुड्याचं ठरलं होतं. मुलीच्या बापाने निरोप पाठवला, मासेवाल्यांच्या घरी मुलगी देत नाही. मागच्या पंधरवड्यात याच गाडीने शिरपूरला दुसरी बघून आलो. तिथेही तेच."

"हाताला काय झालं?"

"घड उतरवताना विळा लागला."

रतिलालनाना ओट्यावर जप करत होते. मोहिनीने तळ्याविषयी विचारलं तेव्हा त्यांनी माळ मुठीत धरली.

"मी त्या तयाकडे गेलो नही, बाई. मासे सोडले त्या दिवशी नवीनले सांगतलं, तुह्या तयाचं पानी मी पेनार नही. रागाचा हाये पोरगा. गेला सुरतले." मग म्हातारा रस्त्याकडे बघत राहिला. "आखाजीले येईल असं वाटते मले. एस.टी. वाजली का मी उठून पाहतो."

सासूबाई, इंदिराबाई, स्वयंपाकघरात सांजोऱ्या लाटत होत्या. त्यांनी एकदाही रस्त्याकडे पाहिलं नाही. हात चालत होते, नजर पोळपाटाच्या पलीकडे कुठेतरी.

"तळ्याला सगळं गाव भितं," मोहिनी म्हणाली. "तुम्ही नाही?"

"कसाची भीती, बाई?" इंदिराबाई म्हणाल्या. "त्या पान्यात मले खानारं कोन हाये?"

आणि त्यांनी पुढची पोळी लाटायला घेतली.

*

शेततळं बागेच्या टोकाला होतं. काळा कागद उन्हात चकाकत होता आणि मधे हिरवं, गप्प पाणी. वारा नव्हता. केळीची पानंसुद्धा हलत नव्हती. काठावरच्या खुंटीला दोराचा कापलेला शेंडा तेवढा उरला होता.

जाळंवाला वना तापीकाठचा, शिरपूरच्या बाजूचा. तो पाण्याला भिऊन काठापासून लांब उभा होता.

"मी जाळं टाकाव नही, ताई. आठे काहीतरी शे. बठ्ठा गाव घाबरी गया. मना बाप तापीमा बुडीसन मरना, तरी माले पाणीनं भेव वाटनं नही. आते वाटस."

"जाळं नको. लांबून गळ टाका. हे लावा." मोहिनीने पिशवी दिली.

वनाने गळ फेकला. पाणी पुन्हा गप्प झालं. हितेंद्र नाकाला रुमाल लावून बांधाच्या मागे उभा राहिला होता. नानांनी पाठवलं म्हणून आलो, म्हणाला.

मग मधोमध पाणी फुगलं. एक काळं, चपटं, रुंद डोकं वर आलं. त्याला लांब मिशा होत्या. त्याने तोंड उघडलं, माणूस दमल्यावर सोडतो तसा सुस्कारा सोडला, आणि खाली गेलं. कौतिकभाऊंची बोबडी वळली. ज्योत्स्नाने मोहिनीचा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठले.

दोरी ताणली. वना ओरडला, पण हातातली दोरी त्याने सोडली नाही. त्याने ओढून ओढून जे बाहेर काढलं ते हाताएवढं लांब, काळं, गुळगुळीत होतं. काठावर पडलं तरी मरेना. बाजूच्या पंखांवर अंग उचलून ते पाण्याकडे सरपटायला लागलं.

"हाऊ ते मासाच शे!" वना म्हणाला आणि रडवेल्या आवाजात हसला. "पण असा मी तापीमा कधी देखा नही. हाऊ आठे कथाईन उना?"

"कुठून आला ते मागाहून. खवले नाहीत, मिशा आहेत, हवा पिऊन जगतो," ज्योत्स्ना पुटपुटली. "मांगूर. आपला नव्हे, आफ्रिकी. पाळायला बंदी आहे याला. जे मिळेल ते खातो, मांससुद्धा."

कौतिकभाऊंना आता आपल्या घाबरण्याची लाज वाटली होती. ते मासा उचलायला वाकले.

"बाजूने धरू नका!" हितेंद्र बांधामागून ओरडला. "डोक्यामागच्या पंखात काटा असतो. हात सुजतो त्याने."

कौतिकभाऊंनी हात मागे घेतला आणि त्याचे आभार मानले.

जाताना मोहिनीने ज्योत्स्नाला इतकंच सांगितलं, "उद्या सकाळी घागर घेऊन निघ. पण अंगणाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, मी येईपर्यंत."

*

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास कौतिकभाऊ केळीच्या बागेत बसले होते. तळ्याजवळच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे कोणीतरी उकिडवं बसलंय, हे त्यांना दिसलं. फटफटल्यावर चेहरा दिसला. हितेंद्र. तो घराच्या वाटेकडे बघत होता. बराच वेळ कोणी आलं नाही, तेव्हा तो उठला आणि शेतातून आडवाटेने निघून गेला.

घरी वेगळाच प्रकार झाला होता. ज्योत्स्ना रिकाम्या घागरी घ्यायला गेली, तर त्या भरलेल्या होत्या. मोहिनी पोचली तेव्हा देवघरापुढे दोन लाल घागरी मांडलेल्या होत्या, वर लोटी, लोटीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी. एक नानांच्या वडिलांची, एक आईची.

"पाणी कोणी आणलं?"

"म्या आनलं," इंदिराबाई म्हणाल्या. "सुनेचं अंग बरं नव्हतं."

"माझं अंग ठीक..." ज्योत्स्ना म्हणाली, आणि मोहिनीने तिच्याकडे पाहिल्यावर थांबली.

इंदिराबाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि काठाला हिरवं शेवाळ लागलेलं.

कौतिकभाऊ पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले ते परत येऊन हळूच म्हणाले, "ताई, पितरं दोन ना? मग आत जात्याच्या मागे तिसरी घागर कशी? आणि तिच्यावर डांगर नाही, सांजोरी नाही. नुसती कैरीची फोड. तिखटमीठ लावलेली."

मोहिनीने डोळे मिटले. क्षणभर तिला हे काम सोडून जळगावला परत जावंसं वाटलं. मग तिने फैजपूर ठाण्याला फोन केला आणि ओट्यावर नानांसमोर जाऊन उभी राहिली.

"नाना, तळ्यात जाळं फिरवायची परवानगी द्या."

"आज? सणाच्या दिवशी जीवहत्या?" हितेंद्र अंगणातूनच ओरडला. "अजिबात नाही!"

"एकही मासा मारणार नाही. जाळं तळापर्यंत फिरवायचं आणि सोडून द्यायचं. गावाची भीती जाईल."

नानांनी मुलाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "फिरवा," ते म्हणाले. "मले बी पाहू दे काय हाये ते."

*

अर्धं गाव लांब बांधावर उभं होतं. वना आणि त्याची चार माणसं दोन्ही काठांवरून ओढजाळं हळूहळू पुढे आणत होती. जाळ्याला खाली शिसं होतं, ते तळाला घासत येत होतं. पोलिसांची जीप बागेच्या तोंडाशी थांबली होती. इंदिराबाई सगळ्यांत पुढे, अगदी काठाशी बसल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

मोहिनी नानांशी बोलू लागली, पण ऐकू सगळ्यांना जात होतं.

"नाना, तुमच्या पाण्यात आसरा नाहीत. आफ्रिकी मांगूर आहेत. या तळ्याला नदी नाही, नाला नाही, आणि सध्या पाऊस नाही. म्हणजे हे मासे कुणीतरी हाताने आणून सोडले. मासे कधी दिसायला लागले? ज्योत्स्नाने जाळंवाल्याला बोलावल्यावर. म्हणजे कुणाला तरी या तळ्यात जाळं पडायला नको होतं. भीती पसरली की माणूस पाण्याजवळ येत नाही. हवा प्यायला वर येणारा, सुस्कारा टाकणारा, मिशांचा मासा यासाठी फार उपयोगाचा."

दुसरंही एक कारण असावं. ते तिने ज्योत्स्नासमोर उच्चारलं नाही.

"कोणी आणले?" नानांनी विचारलं.

"वनाने नाही. त्याने हा मासा कधी पाहिलाच नव्हता, आणि जाळं पडलं नाही तर पोट त्याचंच मारलं जातं. तुम्ही नाही. तुम्ही तळ्याचं तोंड पाहत नाही. घरात मोटरसायकल असताना मुलगी बघायला शिरपूरला पिकअप घेऊन कोण गेलं? केळीच्या गाडीतल्या पिंपाला मासळीचा वास कशाने आला? शेतकऱ्याच्या पोराला खताचा वास आणि मासळीचा वास यांतला फरक सांगावा लागत नाही."

हितेंद्र रुमाल हातात चुरगाळत होता. "वासावरून माणूस खुनी ठरतो का?"

"खून कोणी म्हटलं?" मोहिनी म्हणाली.

बांधावरच्या माणसांनी माना हितेंद्रकडे वळवल्या.

"मी नुसतं मासे आणण्याविषयी बोलत होते. काल कौतिकभाऊ मासा उचलायला गेले, तेव्हा तुम्ही लांबून ओरडलात की पंखात काटा आहे, हात सुजतो. रोहू, कटला, मृगळ यांचा काटा असा हात सुजवत नाही. वना हा मासा ओळखत नव्हता. ज्योत्स्ना तोवर काट्याविषयी अक्षर बोलली नव्हती. ज्या माणसाने जन्मात मासा हातात धरला नाही, जो नाकाला रुमाल लावून उभा होता, त्याला काटा कुठे असतो ते कोणी सांगितलं? भाऊ, पट्टी सोडा त्यांची."

कौतिकभाऊंनी हात धरला. सुटायला तो फार धडपडला नाही. तळव्यावर विळ्याची रेघ नव्हती. एक गोल, काळसर भोक होतं आणि भोवती सूज.

"खाई त्याला खवखवे," कौतिकभाऊ म्हणाले.

"घरातले सगळे शाकाहारी, म्हणून चूक झाली," मोहिनी म्हणाली. "मासे हाताळणारा कोणीही पिंपातून मांगूर असा पंखाला धरून काढणार नाही. आणि आज पहाटे हितेंद्रभाऊ मोटारीच्या खोलीमागे दबा धरून बसले होते. घरच्या सुनेने एकटीने पाणी भरायला यायचं, दोर आधीच कापलेला, कागद निसरडा. गावाने म्हटलं असतं, आसरांनी नेली. कोणी जाळं मागायला उरलं नसतं."

ज्योत्स्ना काठापासून मागे सरकली.

"पन ती आली नही ना," नाना कसेबसे म्हणाले. "पानी तर इंदिरानं आनलं."

"हो. सगळं गाव ज्या पाण्याला भितं, तिथे अंधारात एकटी म्हातारी गेली. सुनेला वाचवायला गेली. तिला सुनेसाठी भीती वाटली, मग तळ्याची का वाटली नाही? कारण त्या पाण्यात आसरा नाहीत, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तळ्यात कोण आहे, हेही माहीत होतं." मोहिनीचा आवाज उतरला. "नाना, तुमच्या घरात आज तीन घागरी भरल्या आहेत. तिसरी जात्याच्या मागे लपवली आहे. तिच्यावर कैरीची फोड आहे, तिखटमीठ लावलेली. जिवंत माणसाच्या नावाने घागर भरत नाहीत."

नानांनी सवयीने रस्त्याकडे पाहिलं, आणि मग ती मान तिकडे वळायची थांबली.

त्याच वेळी वनाचा आवाज आला. "ताई! जाळं अटकनं."

जाळं मधोमध थांबलं होतं. जाळ्याच्या वर मांगूर उसळत होते, सुस्कारे टाकत होते. वना पाण्यात उतरला, खाली गेला, आणि वर आला तेव्हा त्याने डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं. सिमेंटचा खांब होता, म्हणाला. ठिबकच्या नळीने बांधलेला. पुढचं त्याने सांगितलं नाही.

"मारायचं नव्हतं," हितेंद्र म्हणाला. आता त्याच्या आवाजात काहीच उरलं नव्हतं. "शिरपूरच्या नकाराचं... नाही, पहिल्या नकाराचं. त्यावरून भांडलो. एक ढकललं मी. दादा पोहत काठाला आला. कागदावर हात टेकत होता, घसरत होता. हितू, दोर दे म्हणाला."

"आणि दोर?" मोहिनीने विचारलं.

"माझ्या हातात होता."

इंदिराबाई पाण्याकडेच बघत बोलल्या. "म्या बागेतून पयत आली तवा पान्याचं हालनं बंद झालं व्हतं. एक लेक पान्यात, एक काठावर. काठावरचा पाया पडला. दीड महिना म्या त्याले वाचवलं. पन रीतीपरमानं सुनेनंच एकटीनं पानी आनावं असा हट्ट त्यानं धरला, तवा मले समजलं, हा आता थांबनार नही." त्या ज्योत्स्नाकडे वळल्या. "घागर भरली नसती तर तुमाले कयलं नसतं. मले ठाऊक व्हतं. पन लेक पान्यात मेला, व माय, आन तहानलेला ठेवू का मी त्याले?"

जीप बागेतून पुढे आली. हितेंद्र स्वतःहून चालत गेला. आईच्या शेजारून जाताना तो थबकला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही आणि हातही मागे घेतला नाही. त्याने तिच्या पायाला हात लावला आणि तो जीपमध्ये चढला.

*

दुपार कलली तरी घरात चूल पेटली नव्हती. मोहिनी निघायच्या आधी आत डोकावली. नाना देवघरापुढे भिंतीला टेकून बसले होते. गळ्यातली माळ काढून त्यांनी मांडीवर ठेवली होती.

"मी त्या तयाचं पानी पेनार नही म्हनलो व्हतो," ते कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले.

ज्योत्स्ना उठली. स्वयंपाकघरात गेली, जात्याच्या मागे वाकली आणि तिसरी घागर दोन्ही हातांनी उचलून आणली. घागर जड होती. कौतिकभाऊ मदतीला पुढे झाले, पण मोहिनीने त्यांची बाही धरली.

ज्योत्स्नाने ती घागर पुढे आणून आजेसासऱ्यांच्या घागरीशेजारी ठेवली. फोड वाळली होती, म्हणून तिने नवी कैरी कापली आणि तिखटमीठ लावून वर ठेवली. मग नाना उठले. त्यांनी तिसऱ्या घागरीवरची लोटी भरून घेतली आणि ते पाणी प्यायले.